नवसाची तिसरी फेरी

ला रिंकोनादा, न्यू मेक्सिको
९ जानेवारी २०२५

ओरासिओ,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायचं असतं. ते तू आपल्या मनानं वाचून घे, माझ्या हातून लिहवत नाही.

काल राजधानीतून जाडजूड पाकीट आलं. मला वाटलं, आता कसला कर मागतायत. उघडलं तर सोनेरी शिक्क्याचा कागद. जमिनीलगत चालणाऱ्या, पंपांवर वर-खाली होणाऱ्या आपल्या लोरायडर गाड्यांची परंपरा हा राष्ट्राचा वारसा आहे, असा ठराव झालाय म्हणे. त्यांच्या वस्तुसंग्रहालयात कायमचं दालन होणार, आणि दालनाच्या मधोमध ठेवायला त्यांना पापांची ‘पासिएन्सिया’ हवी आहे. चौसष्ट सालची इम्पाला, द्राक्षाच्या रंगाची, डिकीवर आईचं चित्र. एवढा तपशील त्यांना कुणी पुरवला याचा विचार करत मी पान उलटलं, तर सल्लागारांच्या यादीत तिसरं नाव तुझं. ‘ओरासिओ माएस्तास, निवृत्त पोलीस अधिकारी, डेन्व्हर.’

हातातला चहा सांडला माझ्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार! गाडी माझ्या अंगणात, तिच्या सीटा मी शिवलेल्या, तेल-पाणी मी करते, आणि दान करणार तू?

तेहतीस वर्षं झाली म्हणून तू विसरला असशील, तर मी सांगते. त्या साली नाताळच्या आधी आई अंथरुणाला खिळली होती. पापांनी नवस केला, की ही उठून बसली तर गुड फ्रायडेला चर्चपासून पुलापर्यंत तीन फेऱ्या, माणसाच्या चालीनं, रेडिओ बंद ठेवून. येशू क्रूस घेऊन जाताना तीनदा पडला, म्हणून दर फेरीला चर्चच्या दारात गाडीचं नाक जमिनीला टेकवायचं. आपल्या गावात हा नवस काही नवा नव्हता. आई फेब्रुवारीत उठून बसली. तिनं स्वतःच्या हातानं पोसोले रांधलं, पापा दोन वाट्या जास्त जेवले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी घासायला लागले.

आणि त्याच वसंतात गावात तो कायदा आला. दोन तासांत एकच गाडी एकाच जागेवरून दोनपेक्षा जास्त वेळा गेली, की जप्त. जणू रस्ता झिजत होता! पुलाशी कागद घेऊन उभा कोण, तर आपला ओरासिओ, नव्या कोऱ्या गणवेशात.

पापा चर्चमधल्या तीन तासांच्या प्रार्थनेहून आले आणि गाडीत बसले. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला पुलाशी तू हात वर केलास. दुसऱ्या! कायद्यानं दोनची मुभा होती, ओरासिओ, तिसरी पापा दोन तास थांबून करणार होते. साहेबाला दाखवायचं होतं ना, की मी बापालाही सोडत नाही? म्हणून दोनाचे तीन केलेस. मी तेव्हा दिवसभर आईच्या उशाशी होते. पापा पायी घरी आले तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला आहे, तू नाही.

गाडी सात महिने पोलिसांच्या आवारात सडली. आई ऑगस्टमध्ये गेली. गाडी परत आली तेव्हा पापा म्हणाले, ‘नवस शिळा झाला’, आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. मरेपर्यंत त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. त्यांच्या मयतीला तू आलास, आणि मी तुला चर्चच्या पायरीवरून परत पाठवलं. त्याचा मला आजही अभिमान आहे.

गाडी मिळणार नाही.

फिदेलिया


२ फेब्रुवारी

ओरासिओ,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण तुझ्या त्या वस्तुसंग्रहालयाच्या हॅलोरनबाई मात्र साक्षात आल्या. वयानं तिशीच्या असतील, पांढरे बूट घालून आमच्या चिखलात. बोलायला गोड आहे पोरगी, म्हणून तर आणखी राग येतो.

एउफेमिया आत्या हल्ली माझ्याकडेच असते. एक्याण्णवची झाली, दात गेले पण जीभ शाबूत आहे. बाईंनी गाडीभोवती फेरी मारली, डिकी उघडली आणि पंप बघून टाळ्या वाजवल्या. ‘गाडी नाचवायची! किती खेळकर कल्पना!’

मी म्हटलं, ‘खेळकर? अहो बाई, गाडी जमिनीलगत दिसली की पोलीस पावती फाडायचे. म्हणून आमच्या लोकांनी भंगारातल्या विमानांचे पंप आणून बसवले. पोलीस दिसला की वर, गेला की खाली. हे नाचणं नव्हे, हे घाबरणं आहे.’

आत्या खुर्चीतून म्हणाली, ‘लिहून घे गं पोरी, नाहीतर वाटेत सांडेल.’

पोरीनं लिहून घेतलं. मग तिनं गाडीखाली लावायच्या पाटीचा मसुदा मला दाखवला. त्यात काय काय होतं ते ऐक: ‘रविवारच्या आनंदी सहली’, ‘कुटुंबाचा जिव्हाळा’, ‘समाजाची सर्जनशीलता’. पोलीस हा शब्द एकदाही नाही. जप्ती नाही. कायदा नाही. आमच्या गावच्या निम्म्या पोरांच्या गाड्या त्या आवारात गंजल्या, ते कुठे गेलं? मी विचारलं, तर म्हणते, ‘दालनाचा सूर उत्सवाचा आहे.’ जिवंतपणी म्हशीला काठीनं झोडपायचं आणि मेल्यावर मणभर दूध देत होती म्हणायचं, असला उत्सव.

आणि गाडी ठेवणार कशी? पेट्रोल काढून टाकणार, बॅटऱ्या काढणार, पंपांतलं तेल उपसणार आणि खाली लोखंडी टेकू लावणार. मी विचारलं, ‘वर की खाली?’ बाई म्हणाल्या, ‘मधोमध. कायमची.’

आत्या म्हणाली, ‘माझ्या दिराला पण दवाखान्यात असाच ठेवलाय. ना वर, ना खाली.’

हॅलोरनबाईंना हसावं की रडावं कळेना. मी त्यांना बिस्कोचितो बिस्किटं खायला घातली आणि वाटेला लावलं. त्या गेल्यावर महापौरांचा फोन. हेच ते गृहस्थ, ज्यांच्या बापानं गावात तो कायदा आणला होता. ‘फिदेलियाताई, सारं गाव तुमच्याकडे डोळे लावून बसलंय. पर्यटक येतील!’ मी म्हटलं, ‘पर्यटकांना पुलावरून दोनदाच जाऊ द्यायचं की तिसऱ्यांदाही?’ तर म्हणतात, तो कायदा आम्ही मागच्याच महिन्यात रद्द केला. इतक्या सहज, ओरासिओ! हात वर करून सगळ्यांनी मत दिलं आणि चहा प्यायला गेले.

रात्रीच्या जेवणाला मी तुझ्या नावानं बोटं मोडत होते. आत्या म्हणाली, ‘एवढं मात्र खरं हं, मोजण्यात तो पोरगा कधी चुकला नाही. लहानपणी बिस्कोचितोसुद्धा मोजून वाटायचा, स्वतःला एक कमी घ्यायचा.’ मी म्हटलं, ‘तुझं चिलीचं कालवण थंड होतंय, जेव.’

फिदेलिया


२७ फेब्रुवारी

ओरासिओ,

माझा निर्णय बदलला आहे. घाबरू नकोस, मी मऊ झालेली नाही.

मी हॅलोरनबाईंना कळवलं की गाडी देते. सगळी देते, टेकू लावा, तेल उपसा, काय वाटेल ते करा. अट एकच. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं: ‘१७ एप्रिल १९९२ रोजी आबेलिनो माएस्तास यांची ही गाडी त्यांच्या मुलानं खोटी नोंद करून दुसऱ्याच फेरीला जप्त केली.’ आणि खाली तुझी सही. सल्लागार आहेस ना? मग दे सल्ला.

बाईंनी फोन केला. फार सांभाळून बोलत होत्या. ‘एखाद्या व्यक्तीवर आरोप असेल तर पुरावा लागतो, फिदेलिया.’

‘पुराव्याला काय तोटा? त्या दिवशीचा कागद शोधा. नंबरप्लेटी लिहिलेला.’

‘तेहतीस वर्षांपूर्वीचा?’

‘बाई, माणूस मरतो, गाडी मरते, पोलिसांचा कागद मरत नाही. कुठल्या तरी तळघरात खोक्यात असेल. त्यावर पापांच्या दोनच फेऱ्या असतील आणि तिसरी यानं मनानं घातलेली असेल. वेळ बघा, लगेच कळेल. पापा तीन वाजेपर्यंत चर्चमध्ये होते, अख्ख्या गावानं पाहिलंय.’

त्या म्हणाल्या, शोधते. आता तुझी झोप उडेल. माझी तेहतीस वर्षं उडाली होती, तू महिनाभर जागून बघ.

फिदेलिया


२१ मार्च

ओरासिओ,

इथे वारा सुटलाय. जर्दाळूला फुलं लागली होती, ती सगळी गेली. एका ट्रकवाल्याच्या सीटा शिवायला घेतल्या आहेत, भडक निळी मखमल, बघवत नाही.

कागद सापडला. बाईंनी त्याची प्रत पाठवली आहे. तुझंच अक्षर आहे, सातला मध्ये आडवी रेघ. आपल्या गाडीच्या नंबरसमोर तीन वेळा आहेत: २.१०, ३.२०, ३.५५.

हा कागद खोटा आहे. दोन दहाला पापा चर्चमध्ये गुडघ्यांवर होते, तेव्हा गाडी पुलावर असूच शकत नाही. मी बाईंना तसं लिहिणार आहे.

अजून लिहिलेलं नाही.

फि.


२३ मार्च

ओरासिओ,

परवाचं पत्र टपालात टाकायला नको होतं, पण पेटीत पडलं ते पडलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, की त्या दिवशी मी दिवसभर आईच्या उशाशी होते. हे मी तेहतीस वर्षं सांगत आले आहे. पापांना सांगितलं, पाद्रींना सांगितलं, माझ्या मुलींना सांगितलं. ते खरं नाही.

पापा बाराला पायी चर्चला गेले. गाडी अंगणात होती, धुतलेली, पुसलेली, किल्ली तिच्यातच. आईला झोप लागली होती. बेर्नाबे आणि त्याचे मित्र पुलाजवळ उभे असतात हे मला माहीत होतं. हा तोच बेर्नाबे, ज्याच्याशी मी पुढे लग्न केलं आणि नऊ वर्षांनी ज्याला घराबाहेर काढलं. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि मी स्वतः शिवलेल्या सीटवर बसून त्याच्यासमोरून एकदा जावं एवढंच मला हवं होतं. मी लाल चष्मा लावला होता. मी गेले, पुलाशी वळले आणि परत आले. बेर्नाबेनं शिट्टी मारली. दहा-बारा मिनिटांचा मामला. गाडी होती तिथे लावली, चाकांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली आणि आईजवळ जाऊन बसले.

पुलाशी तू उभा होतास. माझ्याकडे बघून बोट हलवलंस, जा घरी म्हणून. शेजारी तुझा साहेब उभा होता. मग तू मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलंस.

हे मी विसरले नव्हते, ओरासिओ. ‘विसरले’ म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला सगळं आठवत होतं, फक्त ते मी कधी मोजण्यात धरलं नाही. ती माझी फेरी होती, फिरायला गेलेली. नवसाशी तिचा काय संबंध? पण कायदा गाडी मोजत होता, बसणाऱ्याची इच्छा नव्हे. पापांची दुसरी फेरी गाडीची तिसरी झाली.

म्हणजे नवस मी मोडला. आईचा—

हे वाक्य मला पुरं करता येत नाही. दोन दिवस झाले, नाही येत.

आणि पायरीवरून मी तुला परत पाठवलं. तुझ्या हातात टोपी होती. तू टोपी घातलीस आणि रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलास. शवपेटी बाहेर आली तेव्हा सगळ्या गाड्यांनी नाक टेकवलं आणि तू तिकडून बघत होतास. मी मुद्दाम वळून बघितलं, तू अजून आहेस का ते. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

फिदे


२० एप्रिल, ईस्टर

ओरासिओ,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. तेहतीस वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात एक ओळ! ‘फिदे, आत कोण बसलं आहे ते मी पाहिलं होतं, पण कागदावर चालकाच्या नावाचा रकाना नव्हता.’

रकाना नव्हता म्हणे! तोंड नव्हतं तुला? पापांना सांगता आलं नसतं? मला एकटीला गाठून सांगता आलं नसतं? मला कळतंय तू काय केलंस. बावीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आईचं मरण ठेवायचं नाही म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतलंस आणि डेन्व्हरला निघून गेलास. आत्यानं तर ऐकून नुसती मान हलवली. म्हणाली, ‘स्वतःला एक कमी घ्यायची खोड त्याची.’ तिला कौतुक वाटत असेल. मला नाही वाटत. तुला कुणी विचारलं होतं? मी रडले असते, पापांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, दोन वर्षं ते बोलले नसते आणि मग बोलले असते. पापांना मुलगा राहिला असता, मला भाऊ. तू माझं पाप मला न विचारता उचलून नेलंस, आणि वर मला त्याच्या जागी हा फुकटचा अभिमान देऊन गेलास. तो मी तेहतीस वर्षं जपला. किती जणांना सांगितला असेल!

काल चर्चच्या सभागृहात तो समारंभ झाला. महापौर, हॅलोरनबाई, राजधानीतले दोन सूटवाले. भिंतीला फुगे. तू येशील म्हणून पहिल्या रांगेत तुझ्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती, ती रिकामी. सूटवाल्यानं आपलं भाषण वाचलं, ‘ही गाडी म्हणजे एका कुटुंबाच्या प्रेमाची कहाणी.’ मग मला बोलावलं, किल्ली द्यायला.

मी किल्ली दिली नाही. कागद काढला. म्हटलं, ‘हा वारसा तुमचा. हा सरकारनं केलाय. पुलावर माणूस उभा करून नवसाच्या फेऱ्या मोजायला लावल्या, आणि तो माणूस त्याच घरातला निवडला. तीन नोंदी आहेत. खालच्या दोन माझ्या बापाच्या, वरची माझी. लिहिणारा माझा भाऊ. त्यानं खोटं लिहिलं असं मी या गावाला इतकी वर्षं सांगत आले. त्यानं खरं लिहिलं होतं. खोटं मी बोलत होते.’

मागून रोमुआल्दो सलाझारचा म्हातारा आवाज आला, ‘माझी पण गाडी असेल बघ त्या कागदावर!’ मग आणखी एक उठला, मग त्याची बायको. त्या कागदावर चौदा नंबर आहेत, ओरासिओ. पाच जण काल तिथे हजर होते. सगळ्यांनी आपापला नंबर बोटानं दाखवला. महापौर फुग्यांकडे बघत उभे होते.

मी सूटवाल्यांना सांगितलं, तुमच्या दालनाच्या मधोमध हा लावा, काच बसवून. गाडी इथेच राहील. पेट्रोल भरलेली, बॅटऱ्या चालू. ते म्हणाले, वर विचारावं लागेल. हॅलोरनबाई मात्र उठल्या आणि त्यांनी कागदाला दोन्ही हात लावून तो घेतला. म्हणाल्या, ‘पाटी मी पुन्हा लिहिते. पण हे अक्षर ज्यांचं आहे त्यांची परवानगी लागेल.’

तेव्हा परवानगीवर सही करायला तुला यावंच लागेल. टपालानं पाठवलीस तर मी ती फाडून टाकीन, आताच सांगून ठेवते. मला तुझी माफी मागायची आहे आणि तुला शिव्याही द्यायच्या आहेत, आणि दोन्ही एकाच दमात करायचं आहे, ते पत्रात मावत नाही.

दार तुझ्यासाठी उघडं आहे असलं काही मी लिहिणार नाही. दाराला कडी आहे. वाजव.

तुझी बहीण,
फिदे